बाळंतिणीच्या खोलीतलं घमेलं : धूर न करणाऱ्या निखाऱ्याचं एक प्रकरण

कोकण किनाऱ्यावर घर गरम करायची वेळ सहसा येत नाही. जुलैत रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रात्रीचं तापमान साधारण २४-२५ अंशांच्या खाली जात नाही. तरीही एका खोलीत विस्तव हमखास नेला जातो, आणि तोही दारं-खिडक्या लावून. ती खोली बाळंतिणीची. पुढचं प्रकरण देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतलं आहे. ते सविस्तर मांडायचं कारण हे की यात प्रत्येक माणूस काळजीपोटीच वागला होता आणि प्रत्येक लक्षणाला दुसरं, पटण्याजोगं कारण हाताशी होतं.

घर आणि खोली

घर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला न्हाणी. स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर तापतं आणि भाकरी, मासे अजून स्वयंपाकघरातल्या मातीच्या चुलीवर. म्हणजे निखारा घरात दिवसभर तयार असतो.

मुलगी माहेरी बाळंतपणाला येणार म्हणून मे महिन्यात बाजूची पडवी बंद करून एक खोली केली होती. दहा फूट बाय बारा फूट, खाली टाईल्स, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी आणि कौलांखाली साडेआठ फुटांवर पीव्हीसीचं छत. कौलातून पाणी टिपकू नये, उंदीर-पाल वरून पडू नये, बाळावर धूळ येऊ नये, एवढाच हेतू. खोली स्वच्छ आणि कोरडी झाली. घरातली सगळ्यात चांगली खोली हीच, असं घरच्यांना वाटत होतं, आणि फरशीपुरतं ते खरंही होतं.

प्रसूती रुग्णालयात, नैसर्गिक. मुलगी २ किलो ८०० ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. चौथ्या दिवसापासून शेक सुरू झाला: सकाळी तेल लावून अंघोळ, मग खाटेवर आडवं झालं की खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड आणि लसणीच्या साली टाकून धुरी. संध्याकाळी पुन्हा तेच. रात्री मात्र घमेलं बाहेर गेलं नाही. पावसाने दुपटी वाळत नव्हती, म्हणून घमेल्यावर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर लंगोट आणि दुपटी पसरली जायची. खोलीत ऊबही राहायची. खोलीत झोपायला तिघं: बाळ, बाळाची आई आणि बाळाची आजी.

काय होत गेलं

पाचव्या रात्री पाचवी पुजली. सटवाईसाठी दिवा जागता ठेवला होता, उदबत्त्या होत्या, घमेलं होतंच आणि खोलीत सात माणसं. सकाळी त्यातल्या चौघांची डोकी दुखत होती. जागरणाने दुखली असतील म्हणून कुणी त्यावर बोललं नाही.

इथे थांबायला हवं. एका खोलीत झोपलेल्या किंवा बसलेल्या एकाहून जास्त माणसांचं डोकं एकाच वेळी दुखणं ही कार्बन मोनॉक्साइडची, म्हणजे निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी गॅसची, सगळ्यात जुनी खूण आहे. अर्धशिशी, पित्त, रक्तदाब हे सगळे एकेका माणसाचे आजार. चौघांना एकाच पहाटे पित्त होत नाही.

सहाव्या दिवसापासून बाळंतिणीला रोज पहाटे कपाळ जखडल्यासारखं व्हायचं, मळमळायचं. दहा-अकरा वाजेपर्यंत बरं वाटायचं. आजीचं म्हणणं पडलं की अंगात वारा शिरलाय. मग वारा शिरू नये म्हणून खिडकी आणखी लावली गेली आणि निखारे थोडे वाढले. उपाय म्हणून जे केलं त्यानेच दुखणं वाढत होतं.

सातव्या दिवशी आशाताई ठरलेल्या गृहभेटीला आल्या. दवाखान्यात झालेल्या प्रसूतीनंतर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस अशा सहा भेटी असतात. बाळाला ताप नव्हता, वजन किंचित उतरलेलं, पण ते पाजायला उठवावं लागत होतं, चार घोट घेतले की परत झोपत होतं. नवजात बाळ सुस्त असणं आणि नीट न पिणं ही धोक्याची लक्षणं, म्हणून ताईंनी दोघींना रुग्णालयात पाठवलं. ते बरोबरच होतं. जंतुसंसर्ग, कावीळ आणि रक्तातली साखर कमी होणं यांतही बाळ असंच दिसतं आणि त्यांची शंका आधी फेडावी लागते. आईचंही तसंच. बाळंतपणानंतरच्या डोकेदुखीत सगळ्यात आधी रक्तदाब मोजायचा, कारण झटके आणणारा वाढीव रक्तदाब प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोकाही या काळात जास्त असतो. निखाऱ्याचा संशय कितीही बळकट असला तरी ही तपासणी टाळायची नाही.

उघड्या रिक्षातून तासाभराचा प्रवास आणि मग बाह्यरुग्ण विभागाच्या वाऱ्यावर दोन तास. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आईचं डोकं उतरलेलं, बाळ चक्क रडून दूध मागत होतं. रक्तदाब ठीक. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८. काहीच सापडलं नाही, दोघी घरी परतल्या. दवाखान्यात बरं आणि घरी पुन्हा तेच, हा या गॅसचा दुसरा माग.

आठव्या रात्री वादळी पाऊस होता. वीज गेली. आतापर्यंत एक खिडकी चार बोटं तरी उघडी असायची, ती लावली. दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली. नवव्या दिवशी पहाटे आजी देवापाशी दिवा लावायला उठली आणि उंबऱ्यावर भोवळ येऊन बसली. बाळंतिणीला उलटी झाली. बाळ हलवल्यावर जेमतेम डोळे उघडत होतं.

शेजारणीने आशाताईंना हाक मारली. त्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी पहिल्यांदा घमेल्याकडे बोट केलं.

“काकी, ह्या घमेला आधी भायर काढूया.”

“अगो, धूर खंय हा? निखारे कसे लालबुंद आसत. धूर सगळो मी भायरच जावक दिलंय.”

या एका उत्तरात सगळं प्रकरण आहे. आजीने निखारे खरोखरच नीट निवडले होते: करवंटीचे आणि काजूच्या लाकडाचे, ओली कोलितं बाजूला काढून, ज्वाला विझेपर्यंत बाहेर ठेवून. डोळ्यांत पाणी आणणारा धूर तिला कळत होता आणि तिने तो नातीपासून दूर ठेवला. जो गॅस दिसत नाही, ज्याला वास नाही, तो कळायचा मार्ग तिच्यापाशी नव्हता.

पहिल्या अर्ध्या तासात जे केलं, ते क्रमाने असं. तिघांनाही उचलून, चालवून, कसंही करून ओटीवर, मोकळ्या हवेत आणलं. घमेलं त्यानंतर बाहेर नेलं, आधी नाही. माणसं आत ठेवून विस्तवाशी झटापट करायची नसते. खिडक्या-दार सताड उघडून खोली रिकामी ठेवली. १०८ ला फोन करताना ‘चक्कर आलीय’ एवढंच न सांगता ‘बंद खोलीत निखारे होते, तिघांना त्रास झालाय, एक नऊ दिवसांचं बाळ आहे’ असं सांगितलं, त्यामुळे रुग्णवाहिकेत बसल्याबसल्याच ऑक्सिजनचा मास्क लावला गेला. बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, वर गोधडी घेऊन नेलं, कारण थंडी बाधू न देणंही तितकंच निकडीचं.

निखारा काय करतो

निखारा म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. त्याच्या तळाशी हवा मिळते तिथे कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि मोनॉक्साइड बनतो. रात्री घमेल्याकडे नीट पाहिलं तर लाल निखाऱ्यांवर मधूनच निळसर, पातळ ज्योत लवलवताना दिसते. ती ज्योत म्हणजे हाच मोनॉक्साइड वरच्या हवेत जळताना. जोवर ती दिसते तोवर निदान काही गॅस जळून जातोय. निखारे रात्रभर टिकावेत म्हणून वर राख पसरली की ती ज्योत मरते, निखारा मात्र राखेखाली धुमसत राहतो आणि सगळा गॅस न जळता खोलीत येतो. राख घातलेलं घमेलं निवांत दिसतं. झोपायच्या खोलीसाठी त्याहून वाईट अवस्था नाही.

लाकडाच्या धुराला निदान स्वतःचा पहारा असतो: डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस दार उघडतो. कोळशाला आणि करवंटीच्या निखाऱ्याला तो पहारा नाही.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा गॅस ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. नवजात बाळाच्या रक्तात निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन गर्भावस्थेतलं असतं, त्याला हा गॅस मोठ्यांच्या रक्तापेक्षाही घट्ट धरतो. शिवाय बाळाचा श्वास मिनिटाला चाळीस ते साठ वेळा चालतो, म्हणजे वजनाच्या मानाने ते त्या खोलीतली हवा आपल्याहून कितीतरी जास्त आत घेतं. आणि त्याला डोकं दुखतंय असं सांगता येत नाही, ते फक्त झोपतं. बाळ किती गुणी, रात्रभर रडलं नाही, असं त्या घरातही दोन दिवस म्हटलं गेलं.

बोटाला लावायच्या यंत्रावर ९८ का आलं, तेही इथेच सांगू. ते यंत्र रक्ताच्या लाल रंगावरून अंदाज करतं, आणि मोनॉक्साइड धरलेलं रक्त त्याला ऑक्सिजन धरलेल्या रक्तासारखंच लाल दिसतं. विषबाधा झालेल्या माणसाचाही आकडा ९८-९९ येतो. खरी तपासणी म्हणजे को-ऑक्सिमेट्रीची, म्हणजे रक्तातलं मोनॉक्साइड वेगळं मोजायची, सोय असलेल्या यंत्रावर रक्त तपासणं. ती सोय तालुक्याला बहुधा नसते आणि वेळही हातात नसतो: साध्या हवेत रक्तातलं मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक-दीड तास. सकाळी सहाचं दुखणं दुपारी बारा वाजता, ऑक्सिजन देऊन झाल्यावर तपासलं तर अहवाल जवळपास निर्दोष येऊ शकतो. म्हणून अशा वेळी निदान परिस्थितीवरून करायचं असतं. विस्तव कुठे होता, किती तास, खोली किती बंद, आणखी कुणाला त्रास झाला, बाहेर आल्यावर बरं वाटलं का, हे पाच प्रश्न विचारून. या प्रकरणात तालुक्याच्या डॉक्टरांनी तेच केलं आणि रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता ऑक्सिजन चालू ठेवला.

हिशेब : तेच घमेलं, दोन खोल्या

घरच्यांचा सगळ्यात रास्त प्रश्न असा होता: माझ्या आईने मला असाच शेक दिला, तिच्या आईने तिला दिला, मग आजच काय झालं? याचं उत्तर आकड्यांतच देता येतं.

रात्रीच्या घमेल्यात दोन ओंजळी निखारे, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम, पाच तासांत जळाले असं धरू. तासाला ६० ग्रॅम. कोळसा जळताना त्याच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा मोनॉक्साइड निघतो. हे प्रमाण विस्तवाच्या रचनेप्रमाणे बरंच कमीजास्त होतं, पण हिशेबाला चालेल. म्हणजे तासाला १२ ग्रॅम.

नवी खोली दहा बाय बारा बाय साडेआठ फूट, सुमारे २९ घनमीटर. खिडक्या लावलेल्या, फटीत चादर. तासाभरात खोलीतली हवा एकदा बदलते असं उदारपणे धरलं तरी गॅसची पातळी चढत चढत दर घनमीटरला ४१० मिलिग्रॅमकडे जाते, म्हणजे सुमारे ३६० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३६० भाग गॅस). दोन तासांतच ती ३०० पीपीएम ओलांडते. २०० पीपीएमला निरोगी मोठ्या माणसाचं डोकं दोन-तीन तासांत दुखू लागतं, आणि ४०० पीपीएमला तीन तासांपुढे जिवाला धोका असतो. निखारे पहाटेकडे मंदावले, दार दोनदा उघडलं गेलं, म्हणून हे प्रकरण लिहिता आलं.

आता हेच घमेलं जुन्या माजघरात ठेवू. बारा बाय सोळा फूट, वर थेट कौलं, सरासरी उंची चौदा फूट, म्हणजे ७६ घनमीटर. भिंत आणि वासे यांच्यामधली फट, कौलांचे सांधे, दारांच्या झिजलेल्या फळ्या. तासाला आठ वेळा हवा बदलते असं धरलं तर पातळी २० मिलिग्रॅमवर थांबते, सुमारे १७ पीपीएम. आजी तिथे वाढली. वीस पटींचा फरक आहे, आणि तो निखाऱ्यात नाही, छतात आहे.

पण जुनं ते निर्धोक, असंही म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा आठ तासांसाठी १० मिलिग्रॅम आणि एका तासासाठी ३५ मिलिग्रॅम आहे, चोवीस तासांची तर फक्त ४. माजघरातले २० मिलिग्रॅम आठ तासांच्या मर्यादेच्या दुप्पट होतात. पूर्वी बाळंतिणी रोज सकाळी ‘जड’ का असायच्या याचं थोडं उत्तर कदाचित तिथेही असेल.

मग खिडकी थोडी उघडी ठेवली तर? हा सल्ला सर्रास दिला जातो आणि आम्हाला तो घातक वाटतो. दाराखाली एक आणि छतालगत एक अशी नऊ बाय नऊ इंचांची दोन भोकं ठेवली, आत-बाहेर तीन अंशांचा फरक धरला, तर त्यातून तासाला जेमतेम ४८ घनमीटर हवा वाहते. फटींतून होणारी आधीची एक धरून खोलीची हवा मग तासाला अडीच-पावणेतीन वेळा बदलेल आणि पातळी १५५ मिलिग्रॅमच्या आसपास राहील, सुमारे १३५ पीपीएम. चार बोटं खिडकी उघडी असलेल्या रात्रींनंतर डोकं दुखत होतं, ते या हिशेबात बसतं. आठ तासांची मर्यादा पाळायची तर तासाला १२०० घनमीटर हवा हवी, म्हणजे खोलीतली सगळी हवा ४१ वेळा बदलायला हवी. तेवढ्या वाऱ्यात ऊब कसली राहणार? म्हणून यात मधला मार्ग नाही. झोपायच्या खोलीत निखारा न्यायचा नाही, खिडकी उघडी असो वा बंद.

एक गैरसमज वाटेत सापडला तो असा, की हा गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून खाटेवर झोपलं की चालतं. मोनॉक्साइडचं वजन हवेइतकंच असतं, किंचित कमी. तो खोलीभर सारखा मिसळतो. आणि घमेलं खाटेखाली असलं तर गरम हवेबरोबर तो आधी गादीवरच येतो.

धुरीचं वेगळं

धुरीत मोनॉक्साइडपेक्षा सूक्ष्म कण हा मोठा प्रश्न. अगरबत्तीच्या मोजमापांत एक ग्रॅम जळली की सुमारे ४५ मिलिग्रॅम कण निघतात. ओवा-शेपा-वेखंडाच्या पाच ग्रॅम धुरीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, ग्रॅमला २० मिलिग्रॅम, धरले तरी २९ घनमीटरच्या बंद खोलीत दर घनमीटरला साडेतीन हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास होतात. चोवीस तासांच्या सरासरीची भारताची मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५ आहे. धुरी दहा मिनिटांची असते हे मान्य, पण बंद खोलीत ती तासन्‌तास तरंगत राहते, आणि लसणीच्या सालीचा वास येईनासा झाला म्हणजे कण गेले असं होत नाही. काजूच्या बियांची टरफलं तर निखाऱ्यात कधीच पडू देऊ नयेत. त्यांतलं तेल कातडी भाजणारं, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला तसाच झोंबतो. तोच नियम किनाऱ्यावर वाहून आलेल्या खाऱ्या लाकडांना आणि होडीच्या रंगवलेल्या फळ्यांना.

घरात काय बदललं

आशाताईंनी आजीला शेक बंद करा असं म्हटलं नाही. हे शहाणपणाचं होतं. शेकाने अंग मोकळं होतं, झोप लागते, कुणीतरी आपलं करतंय हे बाळंतिणीला जाणवतं, ते घालवण्याचं काही कारण नाही. निखारा खोलीबाहेर ठेवून शेक द्यायचा, एवढंच ठरलं.

ओव्याच्या दोन पुरचुंड्या केल्या: सुती, जुन्या धोतराच्या कापडाच्या, प्रत्येकीत मूठभर ओवा. एक स्वयंपाकघरात तव्यावर तापते तेव्हा दुसरी कंबरेवर. लावण्याआधी आजीने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहायची. रात्री रबरी पिशवीत गरम पाणी, उकळतं नव्हे, पिशवी दोन तृतीयांश भरून आतली हवा दाबून काढायची आणि टॉवेलात गुंडाळायची. ती आईच्या पायाशी. बाळाजवळ ठेवायची नाही, कारण त्याची कातडी भाजलेली कळायला उशीर होतो.

बाळाला वेगळ्या उबेची गरज आहे का, हे थर्मामीटरने पाहिलं. नवजाताच्या खोलीला २५ ते २८ अंश पुरतात आणि खोलीत विस्तवाशिवाय तेवढे होतेच. बाळ गार पडत होतं ते ओलसर दुपट्यांनी. कोरडं टोपरं, मोजे, कोरडं दुपटं आणि आईच्या छातीशी कातडीला कातडी, एवढ्याने त्याची ऊब टिकली. म्हणजे मूळ अडचण ऊब नव्हतीच, कपडे वाळवण्याची होती.

त्यावर जरा मेहनत घेतली गेली. ओटीच्या वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीची झड बांधली, पण खाली दोन फूट आणि वर फूटभर मोकळं सोडून. आत दोन दोऱ्या हातभर अंतरावर आणि टेबलफॅन. दुपटं हाताने पिळून, मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहून दाबलं की अर्धं पाणी तिथेच निघतं, ही आजीचीच युक्ती. वीज नसेल त्या दिवसासाठी डालगं राहिलं, पण खोलीत नव्हे, मागच्या उघड्या खळ्याच्या छपराखाली. लंगोट वीसवरून तीस केले. जास्तीच्या दहा लंगोटांनी जेवढा प्रश्न सुटला तेवढा दुसऱ्या कशाने सुटला नाही.

घमेलं विझवायची रीतही ठरली. निखारे घरात ‘आपोआप विझू’ देत नाहीत, विझेपर्यंत ते तोच गॅस सोडत राहतात. बाहेर नेऊन पाणी मारायचं, किंवा कोळसा वाचवायचा असेल तर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडायचे, आणि तो डबाही रात्रभर अंगणात.

खोलीत तीन कामं झाली. दाराची रबरी पट्टी काढून खाली पाऊण इंच फट ठेवली. खाटेपासून दूरच्या भिंतीत, छताखाली बारा बाय नऊ इंचांचा झरोका काढला, त्याला डासांची जाळी आणि बाहेरून तिरक्या पट्ट्या. खिडकीवर दीड फुटाची पत्र्याची छपरी आली, त्यामुळे पावसात खिडकी लावावी लागत नाही. खाट झरोका आणि खिडकी यांच्या सरळ रेषेतून बाजूला घेतली, त्यामुळे अंगावर झोत येत नाही आणि ‘बाळंतिणीक वारो लागतलो’ हे आजीचं भयही राहिलं नाही. पुन्हा सांगतो, ही भोकं निखाऱ्यासाठी नाहीत. माणसांचा श्वास, ओल आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या धुरासाठी आहेत.

तो धूर कुठून येत होता तेही पाहिलं. पीव्हीसी छताच्या वर सगळ्या घराचा पोटमाळा एकच. चुलीचा धूर वर चढून कौलांखालून फिरत नव्या खोलीच्या छताच्या सांध्यांतून झिरपत होता. खोलीतल्या छताच्या कडांना चुलीच्या बाजूने करडी रेघ धरली होती, बोट फिरवलं की काजळी लागायची. तूर्त ते सांधे बंद केले आणि चुलीत ओलं जळवण घालणं थांबवलं. मृगाआधी रचून ठेवलेल्या ढिगाच्या तळातली, जमिनीच्या ओलीने भिजलेली लाकडं जळत होती. ती काढून विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचली. आदळली की खणखणीत आवाज देणारं लाकूड चुलीत, बद्द आवाज देणारं परत ढिगात.

गॅसचा इशारा देणारा अलार्म घेतला. घेताना तीन गोष्टी पाहायच्या: आत विद्युत-रासायनिक सेन्सर आहे का, ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ हे मानक छापलंय का, आणि सेन्सरची मुदत कधी संपते. यातल्या ईएन मानकाचा अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासाने, १०० पीपीएमला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांत वाजतो. खाटेच्या उशाच्या उंचीवर भिंतीला लावायचा, पडद्यामागे नाही, न्हाणीत नाही. चाचणीचं बटण फक्त भोंगा चालतोय हे सांगतं, सेन्सर जिवंत आहे हे नाही. हवेतले कण मोजणारं यंत्र किंवा हवा शुद्ध करणारं यंत्र याच्या जागी चालत नाही. पहिल्याला हा गॅस कळत नाही, दुसऱ्याच्या गाळणीतून तो आरपार जातो. आणि अलार्म लावलाय म्हणून घमेलं आत आणायचं नाही. तो मोठ्यांच्या सहनशक्तीवर बेतलेला असतो, नऊ दिवसांच्या बाळाच्या नाही.

न्हाणीही तपासली. तिथली चूल बाहेरच्या बाजूने जाळ घालायची, भिंतीआड, त्यामुळे काळजी नव्हती. त्याच वाडीतल्या दोन घरांत मात्र न्हाणी बंदिस्त करून आत गॅस गिझर बसवले होते. बाळ-बाळंतिणीची अंघोळ तिथे लांबते, आणि गिझरची ज्योत त्याच बंद हवेवर जळते, गॅस तोच. तसाच वादळानंतर वीज गेली की पडवीत आणून चालू केलेला जनरेटर. त्याची जागा घरापासून लांब, दार-खिडक्यांकडे धुराड्याचं तोंड नसेल अशी.

पुढचे पाच आठवडे

आई आणि आजी दुसऱ्या दिवशी घरी आल्या. बाळाला जंतुसंसर्ग नसल्याची खात्री होईपर्यंत तीन दिवस ठेवून घेतलं आणि त्या काळात आईचं दूध चालू होतं. अशा विषबाधेनंतर दूध थांबवायचं कारण नसतं.

घरच्यांना एक गोष्ट लिहून दिली गेली, कारण ती तोंडी सांगितली तर विसरली जाते: मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर काही दिवस ते पाच-सहा आठवडे बरं वाटून मग विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं, स्वभाव बदलणं असं उद्भवू शकतं. बाळंतिणीच्या बाबतीत ते प्रसूतीनंतरच्या उदासीनतेत सहज झाकलं जातं, आणि आजीच्या बाबतीत वयात. म्हणून चौदाव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या प्रत्येक भेटीत आशाताईंनी तिघींनाही पाहिलं: बाळाचं वजन आणि दुधाची ओढ, आईची झोप आणि बोलणं, आजीची चाल. आजीला ओटीच्या कडेने सरळ दहा पावलं चालायला लावायचं, एवढी साधी चाचणी.

बेचाळिसाव्या दिवशी तिघी ठीक होत्या. बाळाचं वजन चार किलोच्या पुढे गेलं होतं. स्वयंपाकघरातल्या चुलीला चार इंची धुराडं घालायचं काम पाऊस उघडेपर्यंत राहिलं आहे: पाईप कौलाच्या आढ्यापेक्षा दोन फूट वर काढायचा, वर टोपी, आणि पत्र्याचा न घेता सिमेंटचा घ्यायचा, कारण खारी हवा आणि नारळाच्या सोडणांचा धूर मिळून पत्र्याला लवकर गंज चढतो. घमेलं आता खळ्याच्या छपराखाली, डालग्याशेजारी पालथं ठेवलेलं असतं.